इच्छा, मर्जी आणि ‘विल’

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांनी छत्री कोपऱ्यात टेकवून ठेवली आणि ओल्या पायांनी आत यावे की न यावे अशा संकोचात उंबऱ्याशीच उभे राहून म्हणाले, “फादर, विल करायचं आहे. साक्षीदार म्हणून सही कराल का?”

मी त्यांना हाताला धरून आत आणले, बसविले. वय ब्याऐंशी. पत्नीला जाऊन बरीच वर्षे झालेली. केळीची वाडी, कौलारू घर, विहीर. दोन मुलगे आपापल्या संसारात, आणि एक मुलगी अविवाहित. तिनेच आईचे शेवटचे दिवस काढले आणि आता बापाचेही तीच पाहते. हे सारे मला ठाऊक होते. तरी रीत म्हणून विचारले, “बाबा, तुमची इच्छा काय आहे?”

ते थोडा वेळ पायांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “फादर, इच्छा विचारता की विल विचारता? इच्छा वेगळी आहे. विल मुलगे सांगतील तसं होईल.”

मला आधी हसू आले आणि लगेच ते ओसरले. ज्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच ‘इच्छा’ असा आहे, तो आमच्या वसईच्या पट्ट्यात येऊन स्थायिक झाला आणि त्याने आपल्या पोटातली इच्छाच गमावली! बाबांना चहा दिला, पुढच्या आठवड्यात यायला सांगितले, आणि रात्री शब्दकोश उघडून बसलो. धर्मगुरूला रात्री करमणुकीची साधने फारशी नसतात.

या ‘विल’ची आणि माझी ओळख जुनी आहे. आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई, आणि आठवी-नववीला ‘शॅल’ आणि ‘विल’ ही जोडगोळी छडी घेऊन समोर उभी राही. प्रथमपुरुषी ‘शॅल’ म्हणजे नुसते भविष्य आणि ‘विल’ म्हणजे निश्चय. द्वितीय आणि तृतीय पुरुषी मात्र नेमके उलट. हा उलटसुलट कायदा कोणी केला, असा प्रश्न तेव्हा विचारण्याची सोय नव्हती. पुढे कळले की तो १६५३ साली जॉन वॉलिस या इंग्रज गृहस्थाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. हे वॉलिस स्वतः धर्मगुरू आणि ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. अनंताचे जे आडव्या आठासारखे चिन्ह गणितात वापरतात तेही त्यांनीच १६५५ साली रूढ केले. अनंताला दोन वेटोळ्यांत बसविणाऱ्या माणसाला इंग्रजांचे भविष्य दोन शब्दांत बसविणे अवघड वाटले नसावे. बोलणाऱ्या इंग्रजांनी तो नियम कधी पुरता पाळला नाही. तो पाळला आमच्या मास्तरांनी.

नियम पटावा म्हणून मास्तर एक विनोद सांगत. एक परदेशी माणूस नदीत बुडू लागला आणि व्याकरण चुकून ओरडला, “आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!” काठावरच्या इंग्रजांनी अर्थ लावला की याचा बुडण्याचा निश्चयच आहे आणि कोणी वाचवू नये अशी सक्त ताकीदही आहे. त्यांनी आदराने टोप्या काढल्या आणि ते उभे राहिले. वर्ग हसे. मीही हसत असे. हा विनोद मी पुढे कोणालाही सांगितला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

कोशात पाहता ‘विल’ हे मुळात भविष्यकाळाचे चिन्ह नव्हतेच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘हवे असणे’ एवढाच होता. लॅटिनमध्ये इच्छेला ‘वोलुन्तास’ म्हणतात, ते याच कुळातले. आपल्या संस्कृतातला निवडणे या अर्थाचा ‘वृ’ धातूही त्याच मुळाचा असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ‘वर’, ‘स्वयंवर’, ‘वरणे’ ही आपली मंडळी या ‘विल’ची दूरची भावंडे. जे हवे आहे ते माणूस बहुधा करतो, या अनुभवातून ‘मला जायचे आहे’चे ‘मी जाईन’ झाले, आणि मग शब्द इतका झिजला की पाऊस ‘पडेल’ म्हणायलाही तोच चालू लागला. पावसाला कसली आली इच्छा?

जर्मन लोकांनी मात्र हा शब्द झिजू दिला नाही. त्यांच्याकडे ‘इख विल’ म्हणजे आजही ‘मला हवे आहे’. याचा प्रसाद मला मिळाला आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात जर्मनीतील एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून गेलो होतो. एका दुपारी मिस्सा आटोपल्यावर तेथील वृद्ध सेवेकऱ्याला ‘मी आता घरी जाईन’ असे सांगायचे म्हणून, शाळेतल्या इंग्रजीच्या बळावर, मी ‘इख विल नाख हाउझे’ असे ठोकून दिले. त्याचा चेहरा पडला. संध्याकाळी त्याची पत्नी केक घेऊन हजर! भारतातून आलेल्या फादरांना घरची आठवण येते आहे, त्यांना परत जायचे आहे, अशी बातमी गावभर झाली होती. केक चांगला होता, म्हणून मी खुलासा जरा उशिराच केला.

पूर्वी इंग्रजीत ‘विल’ला एक जोडीदार होता, ‘निल’. अर्थ, ‘नको असणे’. ‘विल आय, निल आय’, म्हणजे मला हवे असो वा नको असो, यातून ‘विली-निली’ हा शब्द निघाला. आता तेवढ्यातच तो ‘निल’ शिल्लक आहे. एरवी ‘हवे’ उरले आणि ‘नको’ लोपले. मला आपल्या मराठीचे कौतुक वाटले ते येथे. आपला ‘नको’ ठणठणीत जिवंत आहे. तान्हे मूल आई-बाबा म्हणायला शिकले की पाठोपाठ ‘नको’ म्हणायला शिकते, आणि मरणपंथाला लागलेल्या माणसाच्या तोंडी मी जे शेवटचे शब्द ऐकले आहेत त्यांतही ‘नको’ पुष्कळ वेळा होता. पाणी नको, औषध नको, तू जाऊ नको. ‘हवे’ म्हणणाऱ्याची इच्छा खरी असेल वा नसेल. ‘नको’ म्हणणाऱ्याची मात्र असतेच.

या शब्दाचे नातलग आमच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीतही बसले आहेत. विल्यम म्हणजे इच्छा आणि शिरस्त्राण. विल्फ्रेड म्हणजे इच्छा आणि शांती. विल्सन म्हणजे विलचा मुलगा. आमच्याकडे विल्सन उदंड आहेत, पण ‘विल’ नावाचा बाप कोठे आढळत नाही. असो. बाजारात भेटतो तो ‘गुडविल’. दुकान विकताना माल, फळ्या आणि वजनकाटा यांपलीकडे जी रक्कम मागतात ती गुडविलची. बेथलेहेमच्या रानात देवदूतांनी गायिलेला शब्दही तोच. लूकच्या शुभवर्तमानातील त्या ओळीच्या शेवटी ग्रीकमध्ये एक ‘स’ आहे की नाही, एवढ्यावर ‘माणसांविषयी सदिच्छा’ की ‘देवाची मर्जी ज्यांच्यावर आहे ती माणसे’ हा फरक अवलंबून आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो ‘स’ आहे. इंग्रजी मिस्साच्या भाषांतरातून गुडविल हा शब्द मध्यंतरी गळाला होता. २०११ साली नव्या भाषांतरात तो परत आला.

पण या शब्दाचे खरे वजन कळते ते विवाहविधीत. इंग्लंडमध्ये १५४९ साली निघालेल्या पहिल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात वधूवरांनी द्यायचे उत्तर ‘आय विल’ असे आहे. ते ‘मी करीन’ असे आश्वासन नव्हे. ‘माझी इच्छा आहे’ अशी ती आताची, या क्षणाची कबुली आहे. आपल्या कॅथोलिक धर्मसंहितेचा १०५७ वा नियमही हेच सांगतो: विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने, आणि ती संमती म्हणजे इच्छाशक्तीची कृती. दुसरी कोणतीही मानवी सत्ता ती कमतरता भरून काढू शकत नाही. बिशप नाही, पोप नाही, मुलीचा मामा तर नाहीच. बळजबरीने वा बाहेरच्या मोठ्या भयापोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे ११०३ वा नियम म्हणतो. म्हणून विवाहापूर्वी आम्ही चौकशी करतो ती वराला वेगळे बसवून आणि वधूला वेगळे बसवून. बाहेर तिचे वडील खाकरत असतात, आई दाराशी घुटमळत असते. मी दार लावून घेतो आणि विचारतो, “बाळ, हे लग्न तुला हवं आहे ना? कोणी जबरदस्ती तर केली नाही?” तीस वर्षांच्या सेवेत दोनदा मला ‘नको’ असे उत्तर मिळाले आहे. त्या दोन्ही वेळी गावात माझ्याविषयी काय बोलले गेले ते येथे लिहीत नाही.

आता बाबांच्या ‘विल’कडे येऊ. कायद्याच्या मराठीत याला मृत्युपत्र म्हणतात. नावातच मृत्यू असल्याने लोक ते उच्चारायला बिचकतात. काही वकील ‘इच्छापत्र’ म्हणतात. तो शब्द मला फार आवडतो, पण गावात कोणी वापरीत नाही. गावात ‘विल’. ते साध्या कागदावरही चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. करणाऱ्याची सही वा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार हवेत. मात्र साक्षीदाराला वा त्याच्या जोडीदाराला त्या मृत्युपत्राने काही दिले असेल, तर ते देणे रद्द ठरते. आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेला भारतीय वारसा कायदा १९२५ सालचा. त्यातील एक कलम आमच्या तरुणांना मी विवाहतयारीच्या शिबिरात गमतीने सांगतो. माणसाने लग्न केले की त्याने आधी केलेले मृत्युपत्र आपोआप रद्द होते. एक ‘विल’ उच्चारला की दुसरे ‘विल’ संपले!

मृत्युपत्र नसेल तर हाच कायदा म्हणतो: विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत सारखे. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. केरळातील त्रावणकोर भागात ख्रिस्ती मुलींना यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मेरी रॉय या शिक्षिकेच्या खटल्यात १९८६ साली त्यांना हा कायदा लागू झाला. आपल्या गोव्याच्या नातलगांकडे तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे मुलांचा अर्धा वाटा बापाला मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. आपल्याकडे मात्र लेखी विलने बाप हवे ते करू शकतो. शिवाय ‘हक्कसोड’ नावाचा कागद आहेच. ज्या वाडीची किंमत पूर्वी केळीच्या घडांवरून ठरे ती आता चौरस फुटावरून ठरू लागल्यापासून हे कागद फार झाले.

चर्चलाही या प्रकरणात स्वतःकडे पाहिले पाहिजे. त्याच कायद्यातील ११८ व्या कलमाने, पुतण्या-भाच्यापर्यंतचा जवळचा नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मकार्यासाठी मालमत्ता ठेवण्यावर बंधने घातली होती. मृत्यूच्या निदान बारा महिने आधी विल केलेले हवे, आणि ते सहा महिन्यांत ठरलेल्या जागी जमा केलेले हवे. मरणशय्येवरील माणसाला नरकाचे भय घालून कोणी त्याची जमीन लिहून घेऊ नये, हा हेतू. केरळमधील एका धर्मगुरूने दाद मागितली आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने, हा ख्रिस्ती लोकांपुरता भेदभाव आहे म्हणून, ते कलम घटनाबाह्य ठरविले. निकाल योग्यच होता. पण ते कलम लिहिणाऱ्याच्या मनातील संशय सर्वस्वी निराधार होता असे मी, अंत्यस्नेहनासाठी रात्री-अपरात्री घराघरांत जाणारा माणूस, छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. बाबांचीही एक इच्छा होती: विहिरीलगतचा तुकडा चर्चला द्यावा. मी त्यांना म्हटले, “चर्चला द्यायचं तर तुमच्या हयातीत, तुमच्या हातानं, मुलांसमोर द्या. आणि आधी घरात जिनं तुम्हाला भरवलं तिचं पाहा.”

हे मी त्यांना म्हणालो खरा, पण म्हणताना माझा आवाज मलाच परका वाटला. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

माझे वडील वारले त्याला वीस वर्षे होऊन गेली. आई आधीच गेली होती. वडिलांनी विल केले नव्हते. आम्ही चार भावंडे: थोरली ताई, मी, आणि दोन धाकटे भाऊ. कायद्याने प्रत्येकाचा चौथा हिस्सा. मी माझा वाटा भावांसाठी सोडला. मला वाडी घेऊन करायचे काय? माझ्या मनात किंतु नव्हता, उलट हलके वाटले. आणि मला जसे हलके वाटले तसे ताईलाही वाटेल असे मी गृहीत धरले. ताई शेजारच्या गावात नांदत होती. तिच्या घरी सुबत्ता नव्हती. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात लाकडी बाकावर ती माझ्याशेजारी बसली होती. कागदावर तेच नेहमीचे शब्द: राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता. तिने लेखणी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “कर सही. घरात शांती राहील.” तिने सही केली.

लग्नाला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक परक्या मुलीसाठी मी दार लावून घेत आलो, तिला एकटीला विचारीत आलो. माझ्या सख्ख्या बहिणीसाठी मी ते दार लावले नाही. उलट दडपण म्हणून तिच्याशेजारी जो पांढरा झगा घालून बसला होता, तो मीच.

त्याच्याही आधीची, माझ्या पहिल्या नेमणुकीतील एक गोष्ट आहे. जुलैचा महिना, दोन दिवस सतत पाऊस. एका वाडीतील बावखल, म्हणजे आपल्याकडील ते गोड्या पाण्याचे तळे, काठोकाठ भरले होते. नऊ वर्षांचा एक मुलगा पाय घसरून त्यात गेला. काठावर कोणी नव्हते. अंत्यविधीच्या प्रवचनाची माझी ती पहिलीच अवघड वेळ. मी जे वाचून, ऐकून आलो होतो तेच बोललो. ही देवाची इच्छा आहे, आपण ती स्वीकारू या. दफन झाल्यावर त्या मुलाची आई माझ्यासमोर आली. ती रडत नव्हती. “फादर, देवाला माझं पोर पाण्यात हवं होतं का?” एवढेच तिने विचारले. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, “मग मला नको असली इच्छा.”

आणि तिचा नवरा तिला धरून घेऊन गेला.

गोरेगावच्या सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस मी शिकलो होतो. देवाच्या इच्छेविषयीच्या त्यांच्या विवेचनात स्पष्ट आहे की वाईट घडावे अशी देवाची इच्छा नसते; तो ते घडू देतो. ‘इच्छिणे’ आणि ‘घडू देणे’ यांत अंतर आहे. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले होते. पण त्या चिखलात उभा असताना ते अंतर माझ्या तोंडातून आले नाही. जे घडेल तेही ‘विल’ आणि देवाला हवे तेही ‘विल’, अशी इंग्रजी पुस्तकांतून वाचलेली सरमिसळ माझ्या जिभेवर बसली होती. दोष एकट्या इंग्रजीचा नाही, हे कबूल. ‘देवाच्या मर्जीपुढे इलाज नाही’ असे आपणही अपघात झाला की, पीक बुडाले की, आणि कित्येकदा रस्त्यावर झाकण न घातलेल्या गटारात कोणी पडला तरी म्हणतो. मर्जी देवाची, आणि झाकण कोणाचे?

त्या काळात मी पुन्हा पुन्हा गेथसेमनी बागेतील प्रसंग वाचीत असे. तेथे प्रभू येशू आधी काय म्हणतो हे मी कधी नीट ऐकलेच नव्हते. पित्याच्या इच्छेपुढे मान तुकविण्याआधी तो म्हणतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर. तो आधी ‘नको’ म्हणतो. प्राचीन चर्चमध्ये यावर फार मोठा वाद झाला. ख्रिस्ताला एकच, दैवी इच्छा होती, असे म्हणणारा पक्ष सातव्या शतकात प्रबळ होता, आणि बादशहाचा त्याला पाठिंबा होता. त्याला विरोध करणारे संन्यासी संत मॅक्सिमस यांची ६६२ साली जीभ छाटली, उजवा हात तोडला आणि त्यांना हद्दपार केले. त्याच वर्षी ते वारले. ६८०-८१ साली कॉन्स्टंटिनोपलच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने त्यांचेच मत उचलून धरले: ख्रिस्तामध्ये दोन इच्छा आहेत, एक दैवी आणि एक मानवी. सेमिनरीत आम्हाला हा विषय फार रुक्ष वाटे. एका माणसाने जीभ गमावली ती कशासाठी? येशूच्या तोंडचा तो ‘नको’ खराखुरा माणसाचा होता, एवढे म्हणण्यासाठी.

पुढे माझी बदली झाली. बारा-तेरा वर्षांनी एका सणाला त्या गावी गेलो असताना ती माउली भेटली. मी तिला म्हटले, “त्या दिवशी मी चुकीचं बोललो. तुमचं पोर जावं असं देवाला वाटलं नव्हतं.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “फादर, मी रोज प्रार्थना म्हणते. पण ‘हे आमच्या बापा’मध्ये ती इच्छेची ओळ आली की मी गप्प राहते. बाकीचं सगळं म्हणते. पाप आहे का?” मी नाही म्हणालो. ती ओळ आता ती म्हणते की नाही, हे मी विचारलेले नाही.

बाबांचे विल दिवाळीपूर्वी झाले. मी अट घातली होती की आधी त्यांनी मुलीशी एकटीशी बोलावे आणि मग मुलांशी. मुलगी म्हणे आधी ‘मला काही नको’ म्हणाली. बाबांनी तिला दोन दिवसांनी पुन्हा विचारले, तेव्हा म्हणाली, “राहायला घर हवं.” एवढ्या साध्या वाक्याला तिला दोन दिवस लागले. घर तिच्या नावे, वाडीचे तीन सारखे हिस्से. थोरला मुलगा रागावला, धाकटा काही बोलला नाही. वकिलाने वाचून दाखविले, बाबांनी सावकाश सही केली, मग डॉक्टरांनी आणि मी. विहिरीलगतचा तुकडा तूर्त बाबांकडेच आहे.

त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळची मिस्सा आटोपून मी ताईकडे गेलो. भावजी झोपले होते. स्वयंपाकघरात ती भाकऱ्या थापीत होती. मी पाटावर बसलो आणि वीस वर्षे उशिरा तो प्रश्न विचारला. “ताई, त्या दिवशी सही करायची तुझी इच्छा होती का?”

तिने तव्यावरची भाकरी उलटली. “नव्हती,” ती म्हणाली. “तू विचारशील म्हणून मी तुझ्याकडे पाहिलं होतं.”

मग तिने मला वाढले. आम्ही वडिलांच्या वाडीविषयी, त्या वेळच्या भावाविषयी, आता तेथे उभ्या राहिलेल्या भिंतीविषयी बोललो. मधल्या भावाशी मी फोनवर बोललो आहे. त्याने नाही म्हटलेले नाही, होही म्हटलेले नाही. धाकटा आखाती देशात असतो. नाताळला तो घरी येईल, तेव्हा चौघे एकत्र बसणार आहोत.